डावीकडून तिसरी खिडकी

"खिडक्या मोजा!" आजोबा म्हणाले, आणि ऊनाने कपाळावर हात मारून घेतला.

दर शनिवारी तेच! एडिंबराचं 'नवं शहर' म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचं. आजोबा पाहुण्यांना तिथे पायी फिरवायचे आणि सुट्टी असली की ऊनाच्या गळ्यात कागदांची पिशवी अडकवायचे. तिला एकूण एक वाक्य पाठ झालं होतं. धाकटा भाऊ फर्गस आणि मैत्रीण मोरॅग आजोबांच्या पाठीमागे उभं राहून त्यांच्यासारखे हातवारे करत होते.

"पंधरा!" एक पाहुणी म्हणाली.

"चूक! खऱ्या नऊच!" आजोबा खुशीत आले. "उरलेल्या सहा दगडावर रंगवलेल्या. मागे धुराडी आहेत, तिथे खिडकी कशी करणार? पण भिंत दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी ना! तेव्हाच्या लोकांना सगळं मोजूनमापून लागायचं."

"आता डोळे आणि बुद्धी," मोरॅग कुजबुजली.

"म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, बुद्धीला विचारा!" आजोबा म्हणाले. फर्गस खिदळला.

इतक्यात समोरून मिस्टर प्रिंगल ताडताड आले. सहा आठवड्यांपूर्वी लंडनहून राहायला आलेले हे गृहस्थ, आले तसे किनेअर्ड चौकाच्या बाग समितीत जाऊन बसले होते. हातात साखळी, साखळीला बॅक्स्टर नावाचा गलेलठ्ठ कुत्रा आणि मागून धापा टाकत समितीच्या चिटणीस मिसेस डॅलरिंपल.

"मिस्टर मोवॅट, किल्ली द्या," प्रिंगल आजोबांना म्हणाले.

समोरची, चौकाच्या मधली ती बाग खाजगी. चौकातल्या प्रत्येक घराला तिची एकेक किल्ली. आजोबा चौकात राहत नव्हते, तरी समितीने त्यांना बावीस वर्षं किल्ली दिली होती. बाग नसेल तर फेरीत उरतं काय! आणि आजी गेल्यापासून आजोबा दाढी करायचे तीसुद्धा फक्त शनिवारी.

"तीन शनिवार फाटक उघडं सापडलं, आर्ची," मिसेस डॅलरिंपल अवघडून म्हणाल्या. "कुणाची तरी कुत्री शिरली आणि डेलियाची वाट लावली. आज किल्ल्यावर रोजची एकची तोफ झाली, की किल्ली परत घ्यायची, असं ठरलंय."

"पण मी फाटक ओढून घेतो, मग ते आपोआप लागतं..." आजोबांचा आवाज खाली गेला. "की विसरलो असेन? वय झालं खरं."

"अहो आजोबा!" ऊना चिडली. खिडक्यांवर तासभर बोलणारा माणूस स्वतःसाठी दोन वाक्यं बोलेना!

"मी डोळ्यांनी पाहिलंय," प्रिंगल गरजले. "गेल्या शनिवारी हे सताड उघडं टाकून गेले!"

"कुठून पाहिलंत?" ऊनाने विचारलं.

"माझ्या दिवाणखान्यातून. ती बघ, याच भिंतीत, दुसरा मजला, डावीकडून तिसरी खिडकी!"

आजोबांनी वर पाहिलं आणि तोंड उघडलं. ऊनाने त्यांच्या बुटावर पाय दिला. एरवी बोला हो, पण आत्ता नको!

"तिथून फाटक नीट दिसतं?" ती गोड आवाजात म्हणाली. "मग एकदा खिडकीत येऊन हात कराल? म्हणजे कुणाला शंकाच राहणार नाही."

"करतो की!" प्रिंगलनी साखळी मोरॅगच्या हातात कोंबली आणि ते घरात गेले.

सगळे माना वर करून उभे राहिले. किल्ल्यावरून एकची तोफ धडाडली. सवयीने सगळ्यांनी घड्याळं पाहिली आणि पुन्हा माना वर केल्या. तिसऱ्या खिडकीत काही हललं नाही.

"ती रंगवलेली आहे ना?" मघाची पाहुणी म्हणाली. "मागे धुराडं!"

अखेर कोपऱ्यापलीकडे, दुसऱ्या रस्त्यावर खिडकी उघडल्याचा आवाज झाला आणि कोपऱ्याआडून प्रिंगलचं लालबुंद डोकं बाहेर आलं.

"इथूनही दिसतं! जरा वाकलं की..."

"पडाल! आत व्हा!" मिसेस डॅलरिंपल किंचाळल्या.

"ताई, हे बघ!" फर्गस फाटकापाशी उकिडवा बसला होता. "कुलपाचा खटका जिथे अडकतो ना, त्या भोकात पुठ्ठा कोंबलाय. कितीही ओढा, लागणारच नाही!"

त्याने पुठ्ठा उलगडला. कुत्र्याच्या बिस्किटांच्या खोक्याचा तुकडा! बॅक्स्टर साखळीसकट मोरॅगला ओढत आला आणि तो चाटू लागला.

प्रिंगल खाली आले तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. "आतून बाहेर यायलाही किल्ली लागते, हो! एकदा किल्ली घरी विसरून कुणाच्या तरी मागोमाग शिरलो आणि दोन तास आत अडकलो. म्हणून पुठ्ठा लावायला लागलो, काढायचा राहून जायचा. आणि एकदा खोटं बोललो, मग..."

"मग एका म्हाताऱ्याला त्याच्या डोक्यावरच शंका घ्यायला लावलीत!" ऊना भडकली. रागाने तिचे डोळे भरून आले होते.

"माफ करा, मिस्टर मोवॅट," प्रिंगल म्हणाले.

"डेलिया तुम्ही लावणार. सगळे!" मिसेस डॅलरिंपलनी त्यांना बजावलं आणि त्या मुलांकडे वळल्या. "समितीतल्या आम्हा अकरा जणांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत, पोरांनो. शाब्बास! आर्ची, किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

आजोबांनी किल्ली ऊनाच्या हातावर ठेवली. "आज फाटक तू उघड. आणि आतला, उन्हाळ्यात बसायचा खांबांचा मंडप तूच दाखव."

"मी? मला कुठे काय येतं?"

"सगळं येतं. ऐकून ऐकून कंटाळलीस, तेच सांग."

ऊनाने फाटक उघडलं, सगळे आत आल्यावर ओढून घेतलं, आणि खटका लागला का ते दोनदा पाहिलं. मग पाहुण्यांकडे वळून तिने घसा साफ केला.

"खांब मोजा!" ती म्हणाली.

मागे मोरॅगने कपाळावर हात मारून घेतला.