रक्तवाहिनी शांत आहे

डॉ. प्रणोती मगदूमने थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, मनगटावर नेहमीप्रमाणे ऐकणी बसवली तेव्हा दुपारचे रुग्ण संपले होते आणि तिचे स्वतःचे पाय मोडून आले होते. ऐकणी म्हणजे बटणाएवढं यंत्र. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी एकमेकींशी काय बोलतात ते टिपणारं. आता ते गडहिंग्लजच्या औषधदुकानातही मिळे आणि सगळ्यांना त्यावर एकच हिरवा शब्द हवा असे: शांत.

तो शब्द प्रणोतीनेच निवडला होता. ‘मौनी’ हे औषधही तिच्याच संशोधकगटाने काढलेलं.

"इतके दिवस गिळतेय, पण ते करतं काय ते सांग तरी," आक्का म्हणाली.

"पेशीच्या भिंतीत पंप असतो गं. आत शिरलेलं सोडियम बाहेर फेकणारा. मौनीमुळे तो मंदावतो. मग आत सोडियम साचतं, पाठोपाठ कॅल्शियम, आणि शेजारणीकडे उघडणारी खिडकी बंद होते. निरोपच गेला नाही, तर सगळ्या मिळून आवळणार कशा?"

मेंदूतल्या रक्तवाहिन्या अशाच एकजुटीने आवळल्या होत्या, तेव्हा आक्का मरता मरता वाचली होती; म्हणून तर मौनी सुरू केलं होतं.

"मग हे बघ." आक्काने पदराआडचा हात पुढे केला. बोटांची टोकं काळपट, भाजल्याची जखम ओलीच. "भाकरी उलटताना चटका बसला, कळलाच नाही. दिवाळीपासून भरत नाही बघ. तुझं यंत्र म्हणतंय शांत, म्हणून मीही गप्प बसले."

प्रणोतीने तो हात उजेडात धरला. धडधाकट रक्तवाहिनी सारखी जराशी आकसते, सैलावते. पेशी एका लयीत हलतात, तेव्हा कुठे रक्त बोटांच्या टोकापर्यंत नीट पोचतं. मौनीने आवळण्याचा कट मोडताना साध्या गप्पाही बंद पाडल्या होत्या. आणि तो हिरवा शब्द पाहून तिने किती जणांना खुशाल घरी धाडलं होतं! तिला स्वतःची चीड आली. पण चिडायलाही अंगात त्राण नव्हतं.

"आपल्याकडे माणूस गेला की काय म्हणतात गं?" आक्काने विचारलं.

प्रणोतीने जखम पुसायला कापूस घेतला.

"शांत झाला म्हणतात. बरा सापडला हो तुला शब्द!" आक्का हसली, पण डोळे भरले होते.

"औषध थांबवलं तर मेंदूला धोका, आक्का."

"आणि चालू ठेवलं तर हाताला. मला दोन्ही पाहिजेत, बाई."

प्रणोतीने मात्रा निम्म्यावर आणली आणि आक्काला दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ऐकणीवरचा हिरवा शब्द गेला होता. त्या जागी लाल अक्षरं होती: अशांत.

"बोटांना मुंग्या येतायत," आक्का म्हणाली. "चांगलं की वाईट?"

प्रणोतीने ऐकणीचा आवाज वाढवला आणि तिच्यावर कान टेकवला. आत बारीकशी कुजबुज सुरू झाली होती. पेशी पुन्हा बोलू लागल्या होत्या, यात शंका नव्हती. पण त्या नुसत्या गप्पांना बसल्या होत्या, की कट शिजवत होत्या?