करीच्या रात्रीची फुंकर

लाइट काई एवढ्यात येत नाई, तवरिक आयका पोट्टेहो. साजिद माह्या शेजारचा. अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होता. दारू सोडलेल्या मानसाले 'पेला का' असं तो कधीच विचारत नसे. आपला गाल पुढं करे अन् म्हणे, मार फुंकर. बेवड्याची जीभ सतरा गोष्टी सांगते, वास एकच सांगते.

दोन हजार सहा सालची पोळ्याची कर, म्हंजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी आपल्या वऱ्हाडात कोन कोरडा राह्यते? म्हणून साजिद दर करीले दारू सोडलेल्या गड्याइच्या घरी चक्कर मारे. शेवटचा राहिला बार्शीटाकळीकडचा जानराव. त्याच्या बायकोनं, कौशल्यानं, बजावलंच होतं, या करीले पेलास तं तुह्यं तोंड पायनार नाई.

रात्रीचे नऊ. गावाबाहेरच्या नाल्यावर, पुलाच्या कठड्याशी जानराव उभा. ओलाचिंब. साजिदनं गाडी थांबवली, इथं काहून उभा म्हणे.

"दोस्त ओढून राहिले होते, साजिदभाई. पळालो मी. पन कौशल्याले तुमीच सांगा."

साजिदनं सवयीनं उजवा गाल पुढं केला. जानरावनं फुंकर मारली.

दारूचा वास नाई. तंबाखूचा नाई. कशाचाच नाई... नुसती थंडी.

साजिद खूश झाला. बस मांगं, म्हणे. गाडी वजनानं दबली. मंग गाव येईपर्यंत मांगून एक शब्द नाई.

घरासमोर मानसं. ओसरीत कंदील. अन् चादरीखाली... जानराव. संध्याकाळीच नाल्याच्या पुरातून काढला होता.

साजिदनं मांगं पायलं. सीट रिकामी.

कौशल्या भिताडाकडं तोंड करून बसली होती. रडत नव्हती. पिऊन पडला, असंच सारं गाव तिले सांगून राहिलं होतं.

साजिद ओसरीच्या पायरीवरच अडला. सांगावं तं लोक येड्यात काढतील. नाई सांगावं तं...

"भाभी, पेला नाई तो. मी आत्ताच फुंकर घेतली त्याची."

कौशल्या उठली. चादर बाजूले केली... तोंड पायलं नवऱ्याचं. अन् मंग जी रडली... साजिद सांगत होता तं माह्या काळजाचं पानी झालं.

मागच्या मे महिन्यात साजिद माह्या घरी आलता. अकोल्याचं ऊन तुमाले मालूम आहे. सारं तोंड घामानं निथळत होतं त्याचं. उजव्या गालावर म्या सोता हात ठेवला.

तेवढी एक जागा कोरडी... अन् थंडगार.