पोटाशी धरलेला डबा

आउने गॅरेजमध्ये कशी मेली, हे मी पाहिलेले नाही. ती बर्फावर घसरली आणि तिथेच गोठली, असे तिचा नवरा कालेर्वो सांगे. शेजारी दुसरेच सांगत. मी सांगते आहे ते त्यानंतरच्या हिवाळ्याचे. तोवर कालेर्वोने माझ्या बहिणीशी, हिल्काशी, लग्न केले होते.

कालेर्वो फिनलंडमधल्या कुह्मो गावाजवळचा सुतार. त्याचे सामान अंगणातल्या गॅरेजमध्ये असे आणि तिथे शेगडी नव्हती. आमच्याकडे कडाका पडण्याआधी सामानाची निवडानिवड होते: खिळे, तेल, टर्पेंटाइन बाहेर राहते, पांढरा गोंद घरात येतो. तो एकदा गोठला की दह्यासारखा फुटतो आणि मग लाकूड धरत नाही. आउने एक डबा आत आणायला विसरली होती. शेजाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कालेर्वोने तिला गॅरेजमध्ये कोंडून तो डबा पोटाशी धरायला लावला. वितळेपर्यंत.

मी नाताळच्या सुटीत गेले, तेव्हा गोंदाचे सगळे डबे गॅरेजमध्येच होते.

“गोठत नाहीत?”

“हात लावून बघा की, प्राध्यापकीणबाई,” कालेर्वो हसला. “भौतिकशास्त्र तुमचंच ना?”

भिंतींवर आतून हिमाचा थर चढलेला होता. डबा मात्र कोमट होता. तोही एकाच बाजूने, जणू कुणी तो नुकताच कुशीतून खाली ठेवला असावा. मी फळीच्या मागे-खाली शोधले. तार नव्हती, काहीच नव्हते. लाकडाच्या भुशाच्या वासात, नुकत्याच धुतलेल्या केसांचा ओलसर वास तेवढा मिसळला होता.

“जिवंतपणी कुचकामी होती,” तो म्हणाला. “आता एक दिवस चुकवत नाही.”

स्वयंपाकघरात हिल्का माझ्या कानाशी आली. “ती दमत चाललीय गं... आता एखादा डबा थंड सापडतो. तो म्हणतो, दोघी मिळून करा.”

“दोघी म्हणजे?”

तिने स्वेटर वर केला. पोटावर गोल, जांभळा डाग होता. थंडीने करपलेल्या कातडीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाहेर अजून अंधार असताना, आम्ही बॅग भरली. कालेर्वो हातात एक गोठलेला डबा घेऊन दारात उभा राहिला.

“हिल्का, चल.”

“ती माझ्याबरोबर औलूला, माझ्या घरी येतेय,” मी म्हणाले.

त्याने आम्हा दोघींकडे पाहिले. “न्या खुशाल. एक आहेच माझ्याकडे. तिलाच जरा सरळ करतो.”

तो अंगण ओलांडून गॅरेजमध्ये गेला. दार उघडेच होते. प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

“घट्ट धर! दोन्ही हातांनी... अगं, डबा धर... मला नाही... मला सोड...”

मग आवाज थांबला. हिल्काने माझे मनगट धरले. आम्ही तशाच धावत गेलो.

तो जमिनीवर बसलेला होता, मेलेला. अंगावर जखम नव्हती.

डॉक्टरांनी नंतर सांगितले की शरीर गाभ्यापर्यंत गोठलेले होते. त्या थंडीत धडधाकट माणूस असा गोठायला काही दिवस लागतात. मी गणित पुन्हा पुन्हा मांडले आहे. पण आम्ही फोन करायला आत आलो, तेव्हा टेबलावर त्याने अर्धवट सोडलेल्या कॉफीतून वाफ निघत होती.