बाहेर उजेडात नेऊन बघा

रंगांचा मेळ जोखणाऱ्या मेळमापकाने पुन्हा शंभरपैकी शंभर गुण दिले आणि वैजयंती सोनटक्केचं डोकं उठलं. तिने दोन्ही कापडं यंत्राखालून ओढून काढली, टेबलावर आपटली आणि हे यंत्र एकदाचं भंगारात घाला म्हणून यमुनेला सांगितलं. यमुना कोळेकर रंगशाळा सुरू झाल्यापासून तिच्या बरोबरीने काम करत होती. तिने नुसती मान डोलावली. बाईंचं हल्ली असंच चाललं होतं. सकाळी आल्या की दमलेल्या, दुपारी चिडलेल्या, आणि डबा उघडायचा तर जिवावर यायचं.

यंत्रावर राग काढण्यात तसा अर्थ नव्हता. राग होता तो कालच्या एका संभाषणाचा.

चंद्राच्या पोटात, लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेल्या लांबलचक पोकळीत कंदरपूर वसलं होतं. तिथे ऊन कधी आलंच नव्हतं. भिंती, पोशाख, पडदे यांना कोणता रंग द्यायचा आणि कोणत्या रंगाशेजारी कोणता शोभेल हे वैजयंतीची रंगशाळा ठरवायची. आता प्रथमच छताला भोक पाडून, आरशांच्या नळीतून खरं ऊन सभागृहात उतरवायचं होतं. या सूर्यझरोक्याच्या उद्घाटनासाठी मुख्य भिंतीवर भला मोठा कापडी पट लावायचं ठरलं, आणि पटाचं काम अर्थातच वैजयंतीकडे आलं. इतकं मोठं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. आमसुली, मोरपंखी, शेवाळी, विटकरी असे रंग तिने घासून घासून जुळवले होते. बघणाऱ्याची नजर एका रंगावरून दुसऱ्यावर कधी गेली ते त्याला कळू नये, इतका तो पट साधला होता. ती स्वतःवर खूश होती, आणि असं क्वचित घडायचं.

मग फिरोज तडवी आला. तो झरोक्याचा प्रकाशतज्ज्ञ, मूळचा यावलचा, बोलायला सरळ. पटाचं त्याने मनापासून कौतुक केलं आणि जाता जाता विचारलं, की हा उन्हात कसा दिसेल ते पाहिलंत का.

"त्यात काय बघायचं? रंग तोच असणार," वैजयंती म्हणाली.

तडवी थांबला. खुर्ची ओढून बसला.

"बाई, आपले दिवे त्रिरेषी आहेत. उजेड पांढरा दिसतो, पण त्यात लाल, हिरवी आणि निळी अशा तीनच बारीक रेषा आहेत. वीज वाचावी म्हणून मधलं सगळं गाळलंय. उन्हात काहीच गाळलेलं नसतं, रंगांचा सलग पट्टा असतो. दोन कापडं त्या तीन जागी सारखी असली की आपल्या दिव्याखाली जुळ्या बहिणी दिसणार. मधल्या जागी ती किती वेगळी आहेत, ते या दिव्याला कळतच नाही. उन्हाला कळतं."

"आणि मेळमापक?"

"तोही याच दिव्याखाली बघतो. खोटं बोलत नाही तो, पण त्याला तीनच जागा दिसतात."

वैजयंतीला लाजल्यासारखं झालं. हे तिला शिकवायची काही गरज नव्हती. लहानपणी इचलकरंजीत आईबरोबर मॅचिंग सेंटरमध्ये जायची तेव्हा ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस साडीशी अगदी जुळायचं, आणि तरी दुकानदार स्वतःच म्हणायचा, "बाहेर उजेडात नेऊन बघा, ताई." आई पायरीवर उभी राहून कापड उन्हात इकडून तिकडून वळवायची आणि बहुतेक वेळा परत आणून टाकायची. "हा नको. पिवळट मारतो." पायरी आणि ऊन दोन्ही सुटलं, त्याबरोबर ती सवयही सुटली. रंगांत आयुष्य घालवलेल्या बाईने हे विसरावं याचा तिला भयंकर संताप आला.

तडवीने आपल्या वर्णपटमापकावर पटाचा एकेक रंग मोजला आणि उन्हात काय होईल त्याचं गणित मांडलं. वैजयंतीने ते दोनदा वाचलं. शेवाळी तपकिरी होणार होता. आमसुलीचे दोन घाणे आता एकजीव दिसत होते. ते उन्हात फाटून एक जांभळा आणि एक मळका लाल निघणार होता. तिचा पट म्हणजे ठिगळांची गोधडी होणार होती, तीही सगळ्या गावासमोर.

ती नगरप्रमुख शरयू देवस्थळींकडे गेली. बाहेर चंद्राची पंधरा दिवसांची रात्र नुकतीच सुरू झाली होती आणि उद्घाटन पहाटेच्या पहिल्या उन्हात व्हायचं होतं, त्यामुळे कापड बाहेर नेऊन बघायची सोय नव्हती. निदान सलग उजेडाचा एखादा दिवा बनवून द्या, असं तिने विनवलं. देवस्थळी म्हणाल्या की इथला कारखाना एकाच प्रकारचे दिवे बनवतो, आणि पृथ्वीवरून मागवला तर उद्घाटन होऊन महिने लोटतील. शिवाय मेळमापक शंभर देत असताना ही नसती उठाठेव कशाला, हेही त्यांनी ऐकवलं. शेवटी तडवीच्या आकड्यांवरून पट नव्याने रंगवायला त्यांनी नाइलाजाने परवानगी दिली, पण अट घालून. पट फसला तर रंगशाळा बंद, आणि पुढचं काम मेळमापक एकटा बघेल.

मग सुरू झाला खरा वैताग. डोळ्यांना जे सुंदर दिसतं ते टाकायचं आणि तडवीचे आकडे सांगतील ते रंगवायचं. वैजयंती, यमुना आणि रंगशाळेतल्या बाकीच्या बायका दिवसभर कढयांवर वाकून असायच्या. नव्या रंगांना आधार होता तो त्यांच्या नेहमीच्याच पिवळ्या अर्काचा. खाणीच्या गाळातून काढलेला तो अर्क उकळला की त्याची वाफ घशाशी बसायची. एकेक कापड बाहेर निघे आणि दिव्याखाली बघवत नसे. पोपटीशेजारी राख, राखेशेजारी कसलासा ओशट गुलाबी. मेळमापकाने नव्या पटाला एकतीस गुण दिले. सभागृहात तो टांगला तेव्हा लोक येऊन बघून जात आणि बाहेर जाऊन हसत. एकाने तर उद्घाटनाला डोळे मिटून येऊ का, असं तोंडावर विचारलं. वैजयंतीने त्याला झाडला, पण मनातून तिलाही तेच वाटत होतं. आपल्या हाताने केलेल्या कामाकडे बघून मळमळावं, यासारखी शिक्षा नाही, असं ती यमुनेला म्हणाली. यमुनेलाही मळमळत होतं. दोघींनी दोष पटाला दिला.

अंगाला खाज सुटायची, पाय जड व्हायचे, म्हणून वैजयंती डॉ. निकमांकडेही जाऊन आली. निकमांनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, जीभ बघितली, नखं बघितली. रक्त तपासायची रसायनं पृथ्वीवरून यायची, त्यामुळे डोळ्यांना काही दिसल्याशिवाय ती वापरायची नाहीत असा नियम होता. तिचे डोळे स्वच्छ होते. कामाचा ताण आहे, उद्घाटन झालं की विश्रांती घ्या, असं सांगून निकमांनी तिला परत पाठवलं.

उद्घाटनाला सगळं कंदरपूर जमलं. वैजयंती पटाच्या जवळ, नेमकी झरोक्याखाली उभी होती. तिथे उभं राहायचा तिने हट्टच धरला होता. हसू झालंच तर ते समोरून झेलायचं. यमुना आणि रंगशाळेतल्या बाकीच्या बायका मागे भिंतीशी दिव्याखाली थांबल्या. देवस्थळींनी कळ दाबली, वरचं झाकण सरकलं आणि ऊन खाली उतरलं.

सगळ्यांच्या माना पटाकडे वळल्या. ओशट गुलाबीचा कोवळा आमसुली झाला होता. राखेतून मोरपंखी वर आला, पोपटी मऊ होऊन त्याच्या शेजारी शांत बसला, आणि मधोमध असा हळदी रंग उमलला की तो तिथे आहे हे रंगवणारीलाही माहीत नव्हतं. एकही रंग दुसऱ्याशी भांडत नव्हता. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. त्यांनी असे रंग पृथ्वी सोडल्यापासून पाहिले नव्हते. वैजयंतीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. इतक्या दिवसांचा राग एका क्षणात निवळला. देवस्थळींनी लांबूनच हात जोडले.

तडवी अभिनंदन करायला वळला. त्याचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"वैजयंतीबाई," तो हळू आवाजात म्हणाला, "जरा माझ्याकडे बघा."

ती हसत त्याच्याकडे वळली. तो हसला नाही. त्याने गर्दीतून निकमांना हाताने बोलावलं. निकम आले, त्यांनी तिची पापणी पुन्हा तशीच खाली ओढली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कावीळ आहे. चांगलीच मुरलेली."

"पण तुम्ही तपासलं होतं," ती म्हणाली. "डोळे स्वच्छ आहेत म्हणालात."

निकमांनी तिची दुसरी पापणीही ओढून बघितली. उत्तर तडवीने दिलं. कावीळ उजेडातलं जे निळं खाते ते आपल्या दिव्यांच्या निळ्या रेषेच्या बाजूला पडतं, त्या रेषेला ती जवळजवळ लागतच नाही. त्या दिव्याखाली पांढरा डोळा आणि पिवळा डोळा एकच. हे बोलताना त्याची नजर खाली होती. कापडाचं गणित त्याने कितीदा मांडलं होतं, पण माणसाचं मांडायचं त्याला सुचलं नव्हतं.

वैजयंतीला पहिल्यांदा आठवली ती पिवळ्या अर्काची कढई, आणि तिच्यावर रोज वाकलेली डोकी. ती किती होती हे तिला मोजावं लागलं नाही. ती मागे वळली.

"यमुने, इकडे ये. इथे, उजेडात ये."

यमुना पदर सावरत आली, बाईंचं कौतुक झालं म्हणून हसतच आली. वैजयंतीने तिची हनुवटी धरली आणि आई कापड वळवायची तसा तिचा चेहरा हळूच उन्हाकडे वळवला.

पिवळट मारत होता.

यमुनेला काहीच कळलं नव्हतं. ती पटाकडे बघत होती आणि किती छान दिसतंय म्हणत होती. वैजयंतीने तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बाकीच्या बायकांना एकेकीला नावाने हाक मारून उन्हात बोलवायला सुरुवात केली.