चुन्याच्या पाच रेघा

“शके, हे बघ काय घावलं!” उसाच्या बांधावरून उडी टाकत कृष्णात ओरडला. त्याच्या तळहातावर धुळीनं माखलेला एक लोखंडी नट होता.

शकुंतलेनं तो उलटसुलट करून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. नटाचे कोपरे झिजले होते आणि आत काळं वंगण चिकटलं होतं. “अरे, हा तर मामांच्या मोटारीच्या चाकाचा!”

“चोर!” धाकट्या मधूचे डोळे लकाकले. “मोटारीचा चोर आलाय गावात!”

शकूला मात्र मजा वाटेना. मे महिन्याच्या सुट्टीत ती आणि तिचा भाऊ मधू साताऱ्याहून कुंडलला मामांकडे, म्हणजे कृष्णातच्या घरी आले होते. लढाई संपली तरी त्यांचे बाबा पलटणीतून परतले नव्हते. तिथं ते लष्करी लॉऱ्या दुरुस्त करत. मागच्या रजेत त्यांनी शकूला शेजारी बसवून चाक काढायला शिकवलं होतं, आणि चुकीचा पाना पुढं केला म्हणून दोनदा रागावलेही होते.

आप्पासोमामांची मोटार जुनी होती, पण तिच्यावर सगळ्या घराचा जीव टांगलेला होता. चंद्रामामीचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला बैलगाडीतून सांगलीला पोचायला उशीर झाला आणि बाळ गेलं. म्हणून या वेळी मामांनी पेट्रोलची कुपनं जपून ठेवली होती. ते रोज मोटार पुसत आणि मामी रोज दिवस मोजत.

तिघं धावत अंगणात गेली. मागच्या डाव्या चाकावर पाचाच्या जागी चारच नट होते!

“ह्या मायला! ह्ये चोराचंच काम!” मामा गरजले. “परवा पंक्चर काढून चाक म्या सोता बसवलंय. पाची नट आवळलं, वर वंगणसुदिक घातलं!” त्यांनी तोंड सैल झालेला स्क्रूपाना आणला, सापडलेला नट पुन्हा बसवला आणि तिघांकडे डोळे वटारले. “आता चाकाला कुणी हात लावायचा न्हाई! समजलं?”

मामा चहाला आत गेले. त्यांची चंची ओट्यावरच होती. शकूनं तिच्यातली चुन्याची डबी उघडली आणि प्रत्येक नटावरून चाकावर उतरणारी एक बारीक रेघ मारली. अशा पाच रेघा झाल्या.

“चोराला ववाळतीस व्हय?” कृष्णातनं विचारलं.

“कुणी नट फिरवला तर रेघ तुटेल, गड्या! मग कळेल.”

इंजिन गारठू नये म्हणून मामा रोज सकाळी मोटार वेशीपर्यंत फिरवून आणत. आज तिघंही मागच्या सीटवर चढून बसली. वाटेत कुणी चाकाजवळ फिरकलं नाही. गाडी कुठं थांबलीही नाही. परत आल्यावर मात्र शकू चाकापाशी वाकली. पाचही रेघा तुटल्या होत्या!

“आरं! चोर आला कवा?” कृष्णात पुटपुटला.

“आलाच नाही! नट आपले आपण फिरताहेत.” शकूला आता सगळं उमगलं. “मामा बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय गाव सोडत नाहीत ना? तेच त्यांनी इथं केलं. पण बैलगाडीचं चाक आखावर मोकळं फिरायचं असतं, आणि मोटारीचं चाक नटांनी घट्ट धरून ठेवायचं असतं! बाबा म्हणतात, नटाला तेल लावलंस तर माझ्याशी गाठ आहे.”

“आबांना सांगायचं कुणी?” कृष्णातनं दाराकडं बघत विचारलं.

“आधी नीट पाना शोधू. मग सांगू.”

मधूला पहाऱ्याला उभं करून दोघांनी अवजारं गोळा केली. पकडीनं नट नुसता खरवडत होता. स्क्रूपाना निसटत होता. विहिरीवर मोटेच्या जागी आलेल्या इंजिनाचा मोठा पाना तर इतका सैल बसला की मामांनी त्यात चिंधी कोंबलेली दिसत होती. कोपरे असेच गेले होते! नटाच्या सहाही बाजू एकदम धरणारा, नळीच्या तोंडाचा पाना मोटारीबरोबर यायला हवा होता. तो गेला कुठं?

“वाकडा दांडा, तोंडाला नळी?” कृष्णातनं कपाळावर हात मारला. “त्यो आमच्या गोठ्याच्या दाराला अडसर हाय की!”

कृष्णात पाना घेऊन धापा टाकत आला, तेवढ्यात घरातून मामीचं कळवळणं ऐकू आलं. शेजारच्या धोंडुबाईंनी मामीला धरून बाहेर आणलं आणि मागच्या सीटवर निजवलं. मामांनी गडबडीत हँडल मारलं. मोटार धडधडू लागली.

शकूनं दोन दगड उचलले आणि पुढच्या चाकांपुढं टाकले.

“मामा, गाडी हलवू नका!”

“बाजूला हो! येळ काय, तू करतीस काय?” मामांचा आवाज फाटला. “पुन्हा तसंच झालं म्हंजे?”

“म्हणूनच सांगतेय!” शकूला रडू फुटलं, पण ती हटली नाही. “चाक निखळेल! एकदा हात लावून बघा, मामा!”

मामा तणतणत वाकले. त्यांनी दोन बोटांनी नट धरला आणि तो गरकन फिरला. त्यांनी दुसरा धरून पाहिला. तोही फिरला.

“इंजिन बंद करा,” शकू म्हणाली. “कृष्णात, जॅकखाली फळी घाल! अंगणाची माती मऊ आहे.”

दगड चाकांना घट्ट लागले, चाक वर उचललं गेलं. शकूनं नट न् नट काढून कंदिलातल्या रॉकेलनं पुसून कोरडा केला. मोटारीत मामी कण्हत होती.

“उरका गं बाई!” धोंडुबाई ओरडल्या.

“आधी हातानं बसवायचे. मग एक हा, एक समोरचा. ओळीनं नाही!” शकूनं सांगितलं.

नळीचा पाना झिजलेल्या कोपऱ्यांवरही घट्ट बसला. चाक जमिनीला टेकल्यावर मामांनी सगळा भार दांड्यावर टाकून नट आवळले. शकूनं पुन्हा पाच रेघा मारल्या.

“तू म्होरं बस, माझ्याशेजारी,” मामा म्हणाले. तिनं पाना मांडीवर घेतला.

वाटेत पलूसला शकूनं गाडी थांबवायला लावली. सगळ्या रेघा सरळ होत्या. तरी मामांनी पाना घेऊन प्रत्येक नट आणखी जरासा दाबला.

सांगलीच्या दवाखान्यात मामा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. शकू बाकावर बसून ग्रीसनं काळी झालेली नखं पाहत होती. आपण उगाच वेळ तर घालवला नाही ना? चाकापायी गेलेल्या त्या पंधरा मिनिटांनी तिला छळ छळ छळलं. अखेर दाराआडून रडणं ऐकू आलं, अगदी खणखणीत!

“मुलगी! दोघी सुखरूप,” डॉक्टर बाहेर येत म्हणाले. “वेळेवर आणलंत, आप्पासो. शाबास!”

“मला नगं, डाक्टर.” मामांनी शकूचा काळा हात धरून पुढं केला. “म्या तर तिला वाटंतच पाडणार हुतो. आणली ह्या पोरीनं!”

दुसऱ्या दिवशी परतायच्या आधी मामा मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. कालच्या रेघा धुळीनं पुसट झाल्या होत्या. त्यांनी चंचीतून डबी काढली, जाड बोटांनी सावकाश चार रेघा ओढल्या आणि डबी शकूपुढं धरली.

“पाचवी तू मार, बाय. त्याबिगर म्या गाडी काढत न्हाई.”