दोन मजले उंच सलाईन

सलाईनची बाटली भरलेली होती, सुई बाबांच्या शिरेत नीट बसलेली होती, तरी थेंब काही पडत नव्हता. कृत्तिका बाटली धरून कॉटशेजारी उभी होती. हात अवघडला म्हणून तिने तो जरा खाली घेतला, तर नळीत उलट बाबांचंच रक्त चढायला लागलं. ती फार घाबरली.

"वर धर, बाळा," साळवे सिस्टर म्हणाल्या. चंद्रावरच्या त्या भूमिगत वस्तीत त्या एकट्याच परिचारिका होत्या. बाहेर काम करताना बाबांचा अंतराळपोशाख आतून तापला होता. घामावाटे इतकं पाणी गेलं होतं, की आता ते हाकेला ओ देत नव्हते. त्यातच सौरवादळाने (सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या माऱ्याने) सलाईन ढकलणारा पंप बंद पाडला होता.

"तोंडानेच पाणी पाजू या ना."

"शुद्ध नसलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत जाईल ते. आणि शिरेत साधं पाणी सोडलं, तर रक्तातल्या पेशी फुगून फुटतात. म्हणून तर सलाईन (रक्ताला मानवेल इतकं मीठ घातलेलं निर्जंतुक पाणी)."

"मग बाटली दाबली तर?"

"जोर कमीजास्त होईल. शीर नाजूक झालीय. फुटली, तर दुसरी सापडायची नाही."

कृत्तिकाला आत्या आठवली. पृथ्वीवर असताना आत्या आजारी पडली, तेव्हाही कृत्तिकाने अशीच बाटली धरली होती, आणि थेंब भराभर पडत होते.

"सिस्टर, आत्याची बाटली जड होती. ही किती हलकी आहे."

सिस्टरांनी वर बाटलीकडे पाहिलं. "खरंच की गं. पंपाशिवाय इथे मी कधी सलाईन लावलंच नव्हतं. शिरेतलं रक्त बाहेर ढकलत असतं. त्याला मागे सारायला नळीतल्या पाण्याचं वजन लागतं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली खेचणारं बळ) पृथ्वीच्या एक षष्ठांश. तिथे एक मीटर उंची पुरते, तर इथे सहा हवी."

"म्हणजे नळी लांब करायची?"

"नुसती लांब नाही. बाटली उंच न्यायची."

वस्तीतून वर जायला शिडीचा उभा बोगदा होता. दोघींनी कॉट त्याच्या तळाशी ढकलली. सिस्टरांनी नळ्या एकमेकींना जोडल्या आणि आधी सलाईन वाहू देऊन आतली हवा पार काढून टाकली, कारण हवा शिरेत जाणं धोक्याचं. मग कृत्तिका बाटली घेऊन शिडी चढली. दोन मजले वर पोचून तिने एका हाताने शिडीला घट्ट विळखा घातला.

बाटलीखालच्या पारदर्शक नळकांड्यात एक टपोरा थेंब लोंबकळला. सावकाश सुटला. मागून दुसरा आला. कृत्तिकाला रडू फुटलं, पण तिने हात हलू दिला नाही.

"पडतायत, सिस्टर."

"धरून ठेव. उद्या तिथे एक हूक बसवू. पुन्हा कुणाला गरज लागेल."

बाटली संपत आली तेव्हा बाबांनी डोळे उघडले. त्यांना वर, दूरवर, आपली मुलगी दिसली.

"उतर खाली," ते क्षीण आवाजात म्हणाले. "पडशील."

"इथे सगळंच हळू पडतं, बाबा. म्हणून तर वर चढले," कृत्तिका म्हणाली, आणि तिने बाटली आणखी थोडी उंच धरली.