बरोबरची खूण

वाटूर फाट्यावरच्या रसवंतीत प्रियदर्शनीच्या मोबाईलची रेंज गेली, आणि समोरच्या बाकावरून आवाज आला, "माझं नेट घ्या. फक्त पासवर्ड वाचून हसू नका."

पासवर्ड होता 'हसूनका'. ती हसली… आणि तिथंच फसली!

दुसऱ्या दिवशी कळलं, हा नागसेन. वाटूरच्या शेतकरी कंपनीचं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट त्यानंच लिहिलेलं. गोदामात सोयाबीनचं वजन नोंदलं की त्या प्रोग्राममधून पैसे आपोआप शेतकऱ्याच्या खात्यावर, मधे माणूस नाही. आणि त्याचा कोड तपासायचं काम कोड-तपासणी करणाऱ्या एका फर्मनं दिलं होतं आपल्याकडच्या, मंठ्यात घरून काम करणाऱ्या प्रियदर्शनीला!

तपासणी रसवंतीतच सुरू झाली. तो समोर बसून रसात लिंबू पिळायचा, ही कोड वाचायची… म्हणजे कोड सोडून त्यालाच बघायची.

"एवढा भाग राह्यला," ती म्हणाली.

"तो मी स्वतः बघितलाय. भरोसा न्हाई का माझ्यावर?"

भरोसा! त्या एका शब्दापायी तिनं न वाचताच बरोबरची खूण केली.

वजन नोंदवणारा गोदामाचाच माणूस आहे का, हे कोडनं तपासायचं त्याच भागात राहून गेलं होतं. कुणीतरी बाहेरून खोटी वजनं भरली आणि कंपनीचे पैसे उडाले.

गोदामात बैठक बसली. नागसेन उभा राहिला. "चूक माझी हाय. मला काढा."

त्यानं तिचं नावही घेतलं नाही. मागच्या रांगेत प्रियदर्शनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ती उठलीच.

"लिहिणाऱ्याची चूक होणारच, काका. म्हणून तर तपासणारं माणूस ठेवतेत. म्या न वाचता पास केलं."

अध्यक्ष कडूबाकाकांनी चष्मा काढला. "का न्हाई वाचलं, पोरी?"

"नियम हाय… ज्याचं काम तपासायचं, त्याच्यात तपासणाऱ्याचा जीव गुंतलेला नसावा." तिनं मान खाली घातली. "माझा गुंतला होता. तवाच हे काम सोडायला पाह्यजे होतं."

नागसेनचे कान लालबुंद.

"फर्मला कळवलंय," ती कशीबशी म्हणाली. "भरपाई ते देतील. माझं तपासणीचं काम त्यांनी काढून घेतलंय."

"मंग याला दुरुस्त करू दे," काका हळूच म्हणाले, "अन् तपासून दुसऱ्याकडून घेऊ."

ती खाली मान घालून बाहेर पडली. नागसेन मागून धावत आला.

"म्हंजे माझं काम तू परत तपासणार न्हाईस?"

"न्हाई."

"कधीच?"

त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं वर त्याच्याकडं पाहिलं. डोळे भरलेले होते.

"जल्मभर न्हाई," ती म्हणाली. "नियम हाय ना…"